संप्रेरकांच्या तपासणीचा अहवाल कसा वाचावा

तपासणीचा अहवाल हाती येतो, टीएसएचसमोर ९ हा आकडा ठळक छापलेला असतो, शेजारी वर जाणारा बाण असतो, आणि पाहणाऱ्याचा पहिला समज असा होतो की आपली थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करू लागली आहे. वस्तुस्थिती बहुतेक वेळा नेमकी उलटी असते. टीएसएच हे थायरॉइडचे संप्रेरक नव्हेच. ते मेंदूखालच्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीतून निघते आणि थायरॉइडला कामाला लावते. ते वाढले आहे याचा अर्थ काम होत नसल्यामुळे तगादा वाढला आहे. संप्रेरकांचा अहवाल वाचताना होणाऱ्या बहुतेक चुका या एकाच जातीच्या असतात: हुकूम कोणाचा आणि काम कोणाचे, हे न पाहता सुटा आकडा वाचला जातो. हा अहवाल कोणत्या क्रमाने वाचावा, हे पुढे सांगितले आहे. निदान आणि औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच असतो. परंतु अहवाल समजलेला रुग्ण त्यांना योग्य प्रश्न विचारू शकतो.

वाचण्यापूर्वी एवढे ठाऊक असावे

संप्रेरक म्हणजे एका ठिकाणच्या पेशींनी रक्तात सोडलेला आणि दूरच्या पेशींनी ऐकलेला रासायनिक निरोप. निरोप शरीरभर फिरतो, पण ज्या पेशीवर त्याला ओळखणारा ग्राही रेणू असेल तीच पेशी त्याला प्रतिसाद देते. मज्जातंतूचा संदेश ठरावीक तारेतून ठरावीक ठिकाणी क्षणार्धात पोहोचतो, तर संप्रेरकाचा परिणाम काही सेकंदांपासून काही आठवड्यांपर्यंत पसरतो. म्हणून वाढ, चयापचय, क्षारांचा समतोल, प्रजनन अशी रेंगाळत चालणारी कामे मुख्यतः संप्रेरकांकडे आहेत.

असा निरोप रक्तातून जाऊ शकतो हे १९०२ साली लंडनमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी दाखवले. आतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू तोडून त्यात आम्ल सोडले, तरीही स्वादुपिंडातून पाचकरस वाहू लागला. मग त्या आतड्याच्या अस्तराचा अर्क शिरेत टोचला, तेव्हाही तसेच झाले. त्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन हे नाव दिले आणि १९०५ साली स्टार्लिंग यांनी अशा सर्वच द्रव्यांसाठी हॉर्मोन हा शब्द वापरला. ग्रीक मूळ क्रियापदाचा अर्थ ‘चालना देणे’ असा आहे, त्यामुळे मराठीतला ‘संप्रेरक’ हा शब्द मुळाशी चांगलाच प्रामाणिक राहिला आहे.

मोजणी मात्र बरीच उशिरा शक्य झाली, कारण रक्तातील या द्रव्यांचे प्रमाण अतिशय अल्प असते. रोझालिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सर्गी खूण लावलेल्या रेणूंच्या साहाय्याने इन्सुलिन मोजण्याची पद्धत उभी केली. या पद्धतीसाठी यालो यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन तोवर हयात नव्हते. आजच्या बहुतेक चाचण्या त्याच पद्धतीच्या वारसदार आहेत आणि तिच्या काही मर्यादाही त्यांनी वारशात घेतल्या आहेत. त्यांच्याकडे पुढे यावे लागेल.

पहिली पायरी: हुकूम देणारा शोधावा

अहवालातील प्रत्येक संप्रेरकाविषयी पहिला प्रश्न असा विचारावा की हे सोडण्याचा हुकूम कोण देते आणि थांबण्याचा इशारा कशामुळे मिळतो. उत्तरे ढोबळमानाने तीन प्रकारची येतात. थायरॉइड, मूत्रपिंडावरील अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीचे बाह्यक, म्हणजे बाहेरचा थर, आणि जननग्रंथी यांची साखळी तीन कड्यांची आहे: मेंदूच्या तळाशी असलेला अधश्चेतक, म्हणजे हायपोथॅलॅमस, पीयूषिकेला सांगतो, पीयूषिका ग्रंथीला सांगते, आणि ग्रंथीचे संप्रेरक रक्तात पुरेसे झाले की ते वरच्या दोन्ही कड्यांना आवरते. या आवरण्यालाच निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. दुसऱ्या प्रकारात मध्यस्थ नसतो. स्वादुपिंडातील बीटा पेशी रक्तातील साखर स्वतःच अजमावतात आणि थायरॉइडलगतच्या परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथी कॅल्शियम स्वतःच अजमावतात. तिसऱ्या प्रकारात हुकूम थेट मज्जासंस्थेकडून येतो; भीतीच्या क्षणी अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यातून सुटणारे ॲड्रेनॅलिन आणि रक्त घट्ट झाल्याचे कळताच पाणी राखून ठेवण्यासाठी सुटणारे व्हॅसोप्रेसिन ही त्याची उदाहरणे होत.

पीयूषिका ग्रंथी वजनाने जेमतेम अर्ध्या ग्रॅमची असते, तरी पाठ्यपुस्तके तिला सर्व ग्रंथींची स्वामिनी म्हणत आली आहेत. मला हे विशेषण दिशाभूल करणारे वाटते. ती वरून अधश्चेतकाचे ऐकते आणि खालून ग्रंथींचे. तिचा हुकूम कायम दुसऱ्याच्या उत्तरावर अवलंबून असतो, आणि म्हणूनच तिच्या संप्रेरकाचा आकडा एकट्याने वाचता येत नाही.

दुसरी पायरी: आकडे जोडीने वाचावेत

थायरॉइडच्या बाबतीत जोडी टीएसएच आणि मुक्त टी-४ यांची. टी-४ आणि टी-३ ही थायरॉइडची स्वतःची संप्रेरके, आणि ‘मुक्त’ म्हणजे रक्तातील प्रथिनांना न बांधलेला भाग. टीएसएच वाढलेले आणि मुक्त टी-४ कमी असेल तर दोष ग्रंथीत आहे: हुकूम जोरात सुटत आहे आणि काम होत नाही. टीएसएच जवळपास शून्यावर आणि मुक्त टी-४ किंवा टी-३ वाढलेले असेल तर ग्रंथी हुकमाची वाट न पाहता काम करत आहे. याचे सर्वांत परिचित कारण म्हणजे ग्रेव्हज आजार. त्यात शरीराचीच प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) टीएसएचच्या ग्राहींवर जाऊन बसतात आणि खोटा हुकूम देत राहतात. पीयूषिका बिचारी केव्हाच गप्प झालेली असते, पण खोटा हुकूम देणाऱ्याला थांबवणारी कोणतीच यंत्रणा साखळीत नसते.

टीएसएच थोडे वाढलेले आणि मुक्त टी-४ मर्यादेत, ही जोडी फार वेळा दिसते. दोन्ही आकडे परस्परांशी विसंगत वाटतात, परंतु ते तसे नसतात. मुक्त टी-४ निम्म्यावर आले तर टीएसएच सुमारे शंभरपटीपर्यंत चढू शकते, इतकी पीयूषिका या बाबतीत संवेदनशील आहे. प्रत्येक माणसाचे मुक्त टी-४ स्वतःच्या एका अरुंद पट्ट्यात फिरत असते आणि छापील मर्यादा त्या पट्ट्याहून खूप रुंद असते. त्यामुळे तुमचे टी-४ तुमच्या नेहमीच्या पातळीवरून उतरले तरी छापील मर्यादेत राहू शकते आणि ती उतरण टीएसएच आधी पकडते. अशा वेळी औषध लगेच सुरू होईलच असे नाही. टीएसएच किती वाढले आहे, थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे आहेत का, वय काय, गर्भधारणा आहे किंवा अपेक्षित आहे का, हे पाहून बहुधा दोन-तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा केली जाते, कारण तेवढ्या काळात पुष्कळांचे टीएसएच आपोआप मर्यादेत येते.

सर्वांत फसवी जोडी मात्र वेगळीच आहे. मुक्त टी-४ कमी आहे आणि टीएसएचसमोर कोणताही बाण नाही. वाचणारा सुटकेचा निःश्वास टाकतो, पण येथे ‘मर्यादेतील’ टीएसएच हाच दोष असू शकतो: टी-४ इतके उतरल्यावर तगादा वाढायला हवा होता, तो वाढलेला नाही, म्हणजे हुकूम देणाऱ्या पीयूषिकेत किंवा अधश्चेतकात बिघाड असू शकतो. गंभीर आजारपणातही असे चित्र दिसते. जोडीदार ढळलेला असताना जागचे न हललेले संप्रेरक संशयास्पद समजावे, हा नियम थायरॉइडपुरता मर्यादित नाही.

कॅल्शियम आणि परावटू संप्रेरक, म्हणजे पीटीएच, यांची जोडी हाच नियम अधिक स्वच्छपणे दाखवते. रक्तातील कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते आणि ते वाढले की काही मिनिटांत पीटीएच खाली जायला हवे. कॅल्शियम ११.५ असताना पीटीएच दबलेले असेल तर परावटू ग्रंथी आपले काम चोख करत आहेत आणि कॅल्शियम दुसरीकडून येत आहे; त्याची कारणे गंभीरही असू शकतात. कॅल्शियम ११.५ असून पीटीएच वाढलेले, किंवा नुसते मर्यादेतच असेल, तर बहुधा परावटू ग्रंथीच कारण असतात. कॅल्शियम नेहमीसारखे आणि पीटीएच मात्र वाढलेले दिसले तर ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि मूत्रपिंडाचे काम यांची चौकशी आधी करावी, कारण कॅल्शियम खाली येऊ नये म्हणून ग्रंथी जास्तीचे काम करत असण्याचा संभव असतो.

साखर आणि इन्सुलिन यांचेही तसेच. रक्तातील साखर ४५ मिलिग्रॅमवर घसरलेली असताना इन्सुलिन जवळजवळ नाहीसे व्हायला हवे. त्या क्षणी ते उपाशीपोटीच्या छापील मर्यादेत आढळले तरी ते जास्तच आहे. ते शरीराने बनवले की बाहेरून आले, हे सी-पेप्टाइडवरून ओळखतात. स्वादुपिंड इन्सुलिन तयार करताना मूळ साखळीतून हा तुकडा सुटा होतो आणि इन्सुलिनइतक्याच संख्येने रक्तात येतो. टोचलेल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. इन्सुलिन भरपूर आणि सी-पेप्टाइड नगण्य असेल तर ते बहुधा इंजेक्शनमधून आलेले असते.

रजोनिवृत्तीच्या वयात एफएसएच, म्हणजे अंडाशयाला चालना देणारे पीयूषिकेचे संप्रेरक, चढलेले दिसते, तेही या पायरीने सहज उलगडते. अंडाशयाकडून येणारे उत्तर मंदावल्यामुळे पीयूषिकेचा तगादा वाढतो. त्या वयात हे अपेक्षितच असते.

तिसरी पायरी: नमुना केव्हा घेतला ते पाहावे

अहवालाच्या वरच्या कोपऱ्यात रक्त घेतल्याची वेळ छापलेली असते आणि ती सहसा कोणी वाचत नाही. अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यकातून येणारे कॉर्टिसॉल पहाटे चढू लागते, जाग येण्याच्या सुमारास शिखर गाठते आणि मध्यरात्रीच्या आसपास तळाला जाते. सकाळी आठ वाजता नेहमीचा समजला जाणारा आकडा रात्री अकराला आढळला तर तो चिंतेचा ठरतो; म्हणूनच कॉर्टिसॉल जास्त असल्याचा संशय असेल तेव्हा रात्री उशिराच्या लाळेचा नमुना मागवतात. रात्रपाळी करणाऱ्याचे हे घड्याळ सरकलेले असू शकते, हे त्याने डॉक्टरांना आपणहून सांगावे. पुरुषांमधील टेस्टोस्टेरॉनही सकाळी जास्त असते, त्यामुळे ते कमी आहे हे ठरवण्यापूर्वी सकाळचे दोन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने घेतात.

मासिक पाळीशी निगडित संप्रेरकांना तारखेवाचून अर्थच नसतो. एफएसएच आणि इस्ट्रॅडिओल (अंडाशयाचे मुख्य इस्ट्रोजेन) साधारणतः पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात तपासतात. बीज सुटले की नाही हे पाहण्यासाठी प्रोजेस्टेरॉन ‘एकविसाव्या दिवशी’ करावे असे सरसकट सांगितले जाते, पण तो दिवस अठ्ठावीस दिवसांच्या चक्रासाठी आहे. खरा संकेत पुढील पाळीच्या सात दिवस आधी असा आहे, आणि जिचे चक्र पस्तीस दिवसांचे असेल तिच्यासाठी तो अठ्ठाविसावा दिवस ठरतो. तिने एकविसाव्या दिवशी रक्त दिले तर प्रोजेस्टेरॉन कमी दिसेल आणि नसलेल्या दोषाची धास्ती मागे लागेल.

याच चक्राच्या मध्यावर निगेटिव्ह फीडबॅकचा नियम स्वतःच उलटतो, हेही येथे नोंदवले पाहिजे. एरवी पीयूषिकेला आवरणारे इस्ट्रोजेन काही काळ उंच पातळीवर टिकले की तिला उलट चेतवते, एलएच हे पीयूषिकेचेच संप्रेरक एकदम उसळते आणि ही उसळी सुरू झाल्यापासून सुमारे ३६ तासांत बीज सुटते. त्या दिवशी घेतलेल्या रक्तातील उंच एलएच हा आजार नव्हे.

स्तनांत दूध तयार करवणारे प्रोलॅक्टिन ताणामुळे, झोपेत, अगदी सुई टोचण्याच्या भीतीनेही चढते. जाग आल्या आल्या नमुना देऊ नये आणि रक्त देण्यापूर्वी थोडे शांत बसावे. मनोविकारांवरील काही औषधांनीही ते वाढते, कारण डोपामिन हा प्रोलॅक्टिनचा ब्रेक आहे आणि ती औषधे तोच सैल करतात. वाढीचे संप्रेरक तर झटक्याझटक्याने, मुख्यतः गाढ झोपेत सुटते. दिवसा एकदाच मोजलेला त्याचा आकडा फारसे काही सांगत नाही. त्याऐवजी त्याच्या प्रभावाखाली बनणारे आणि दिवसभर स्थिर राहणारे आयजीएफ-१ मोजतात.

चौथी पायरी: पुरेसा काळ गेला आहे का ते मोजावे

औषध बदलल्यावर दहा दिवसांनी टीएसएच करून निराश होणारे पुष्कळ असतात. टी-४चे अर्धायुष्य, म्हणजे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला लागणारा वेळ, सुमारे सात दिवसांचे आहे, म्हणजे नवीन मात्रेवर रक्तातील पातळी स्थिरावायलाच चार-पाच आठवडे लागतात आणि पीयूषिका तिच्याशी जुळवून घ्यायला आणखी थोडा वेळ घेते. म्हणून मात्रा बदलल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी फेरतपासणी सांगितली जाते. त्याआधीच्या आकड्यावरून मात्रा पुन्हा बदलली तर झोका एकदा या टोकाला आणि एकदा त्या टोकाला जात राहतो. याच हिशेबाने टी-४ची एखादी गोळी चुकली तर त्या दिवशी फारसे काही जाणवत नाही.

इन्सुलिनचे अर्धायुष्य मात्र जेमतेम पाच मिनिटांचे आहे आणि पीटीएचचेही काही मिनिटांचेच. शस्त्रक्रियेत परावटू ग्रंथीवरील गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी पीटीएच मोजतात आणि ते निम्म्याहून खाली आले असेल तर योग्य गाठ निघाली असे समजतात, तेही याच बळावर. इतक्या चंचल इन्सुलिनवरून मधुमेहाचा हिशेब ठेवता येत नाही, त्यामुळे त्याच्या कामाचा ठसा मोजला जातो. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि तेवढा काळ साखर त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते; एचबीए१सी हा त्या चिकटलेल्या साखरेचा, म्हणजे मागील दोन-तीन महिन्यांचा लेखा असतो. रक्तक्षय असेल किंवा नुकतेच रक्त चढवलेले असेल तर पेशींचे सरासरी वय बदलते आणि हा लेखा चुकतो.

पाचवी पायरी: मध्ये कोण आले ते तपासावे

थायरॉइड संप्रेरकांचा फार मोठा भाग रक्तात प्रथिनांना बांधलेला असतो. टी-४पैकी मुक्त भाग एक सहस्रांशाहूनही कमी भरतो आणि पेशींवर काम करतो तो हा मुक्त भागच. गर्भारपणात किंवा इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या घेताना ही वाहक प्रथिने वाढतात, एकूण टी-४ वाढलेले दिसते आणि मुक्त टी-४ मात्र जागेवर असते. म्हणून अहवालात ‘एकूण’ लिहिले आहे की ‘मुक्त’ हे पाहावे. कॅल्शियमलाही हेच लागू आहे: त्याचे वाहक प्रथिन अल्ब्युमिन कमी असेल तर एकूण कॅल्शियम खोटेच कमी दिसते. गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीत एचसीजी हे संप्रेरक स्वतःच थायरॉइडला थोडी चालना देते, त्यामुळे टीएसएच खाली जाते आणि त्यासाठी मर्यादाही वेगळ्या वापरल्या जातात.

केस आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांतील बायोटिनचा उल्लेख येथे मुद्दाम करतो, कारण ते शरीरात नव्हे तर चाचणीच्या नळीत गोंधळ घालते. काही चाचण्यांची रचनाच बायोटिनच्या चिकटण्यावर उभी असते. मोठ्या मात्रेत बायोटिन घेणाऱ्याच्या रक्तात अशा चाचणीने टीएसएच खोटे कमी आणि टी-४ खोटे जास्त दाखवले जाते, म्हणजे थायरॉइड अतिसक्रिय असल्याचे हुबेहूब चित्र उभे राहते. तपासणीपूर्वी किमान दोन दिवस ते बंद ठेवावे, आणि मात्रा मोठी असेल तर किती दिवस आधी थांबवायचे हे विचारून घ्यावे.

एककेही पाहावीत. कॉर्टिसॉलचे १० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजेच २७६ नॅनोमोल प्रति लिटर. प्रयोगशाळा बदलली की आकडा सत्तावीसपट झाल्याचा भास होऊ शकतो. छापील मर्यादा बहुधा निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांवर बेतलेली असते, म्हणजे प्रत्येक चाचणीत शंभरांपैकी पाच निरोगी माणसे तिच्या बाहेर पडणारच. परस्परांशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एकदम केल्या तर पूर्ण निरोगी माणसाचे सर्व आकडे मर्यादेत येण्याची शक्यता सुमारे ३६ टक्केच उरते. लक्षण किंवा कारण नसताना ‘सर्व हार्मोन्स’ तपासून घेण्याच्या उत्साहाविषयी माझे मत त्यामुळे फारसे चांगले नाही.

शेवटी स्टेरॉइड औषधांचा प्रश्न येतो, आणि तो सर्वांत धोक्याचा आहे. कॉर्टिसॉल कमी आणि त्याला हुकूम देणारे एसीटीएचही कमी, अशी जोडी दिसली तर पीयूषिकेच्या आजाराचा विचार करण्याआधी गेल्या काही महिन्यांत प्रेडनिसोलोनसारखी गोळी, सांध्यातील इंजेक्शन, दम्याचा फवारा किंवा त्वचेवरील तीव्र मलम वापरले होते का, हे आठवावे. बाहेरून आलेले स्टेरॉइड शरीराला कॉर्टिसॉलसारखेच भासते, पीयूषिका हुकूम थांबवते आणि हुकमाविना अधिवृक्क ग्रंथीचे बाह्यक आक्रसत जाते. औषध एकदम बंद केले तर ती ग्रंथी लगेच उभी राहू शकत नाही. कधीकधी त्यासाठी महिने लागतात. मधल्या काळात ताप, अपघात किंवा शस्त्रक्रियेचा ताण आला तर उलट्या, रक्तदाब कोसळणे, शुद्ध हरपणे इथपर्यंत वेळ येते आणि जीवही जाऊ शकतो. काही आठवड्यांहून अधिक काळ घेतलेले स्टेरॉइड डॉक्टरांनी आखून दिलेल्या पायऱ्यांनीच उतरवावे, आणि कॉर्टिसॉलच्या तपासणीसाठी रक्त देताना औषधाचे नाव, मात्रा आणि शेवटचा डोस घेतल्याची वेळ अर्जावर लिहून द्यावी.